अम्मींचा आठ

फरहत मणियारकडे स्कूटर शिकायला गेलं की पहिल्या दिवशी स्कूटर चालवायला मिळत नाही. पहिल्या दिवशी ती स्टँडवर चढवायची आणि खाली उतरवायची, एवढंच. मी तिच्याकडे गेले तेव्हा चाळिशीला टेकले होते, शाळेत सातवीच्या मुलांना भूगोल शिकवत होते, आणि कसबा पेठेतल्या आमच्या बोळात, भाजी घेणाऱ्या चार बायकांच्या देखत तिनं मला विचारलं, "मॅडम, जी गाडी तुम्हाला उभी करता येत नाही, ती पळवून काय करणार?"

दुसऱ्या दिवशी ब्रेक. डावा हात मागचा, उजवा हात पुढचा. आधी डावा हलकेच, लगेच उजवा, आणि दोन्ही मिळून गाडी थांबवायची. हँडल वळलेलं असेल किंवा खाली वाळू असेल तर उजव्या हाताला विसरायचं. बसल्या बसल्या साइड स्टँड पायानं चाचपायचा, दोन्ही आरसे आपल्यासाठी लावायचे, ते केस बघण्यासाठी नाहीत हे लक्षात ठेवायचं, हेल्मेटचा पट्टा टक् वाजेपर्यंत लावायचा. मग कुठं किल्लीला हात.

चालवायची वेळ आली की फरहत मागे बसायची. तिचे दोन्ही हात आपल्या हातांवरून पुढे येऊन ब्रेकवर असायचे आणि तोंड थेट आपल्या कानाशी. "मान वर! खाली काय सापडतंय तुम्हाला? ब्रेक! तो नाही, डावा! डावा म्हणजे ज्या हातात घड्याळ आहे तो!" गाडीच्या मागे तिनं पाटी लावली होती: 'शिकाऊ आहे. तुमच्या हॉर्ननं लवकर शिकणार नाही.' बायका तिच्याकडे रडत शिकायच्या आणि शिकून झाल्यावर पेढे घेऊन यायच्या. आरटीओच्या परीक्षेत तिची बाई नापास झाली असं कधी झालं नव्हतं, आणि हे ती स्वतःच सांगायची, न विचारता.

ती एवढी का ओरडते हे मला बऱ्याच उशिरा कळलं. शिकवायला लागली त्या पहिल्या वर्षात एक बाई घाबरली. समोर कुत्रं आलं, बाईंनी मूठ आवळली. घाबरलं की माणूस मूठ आवळतंच, आणि उजवी मूठ आवळून मनगट खाली गेलं की अ‍ॅक्सिलेटर पिळला जातो. गाडी थांबायच्या ऐवजी उसळली आणि विजेच्या खांबावर गेली. बाईंना खरचटलंही नाही. मागे बसलेल्या फरहतचं गळ्याजवळचं हाड मोडलं. तेव्हापासून तिचे हात ब्रेकवरून हलले नाहीत आणि आवाज खाली आला नाही.

घरात तिचा नवरा एजाज, हडपसरच्या एका कारखान्यात कामाला, शांत स्वभावाचा माणूस. आणि तिची आई कमरजहां. बोळाच्या तोंडाशी त्यांचं बांगड्यांचं दुकान आहे, दोन माणसं बसली की भरणारं. पेठेत सगळे त्यांना अम्मीच म्हणतात. माझ्या लग्नातला हिरवा चुडा त्यांनीच भरला होता. मुलीचा हात आपल्या हातात घेऊन त्या तिला काहीबाही विचारत बसतात, सासर कुठलं, नणंदा किती, आणि मुलगी उत्तर देत असताना बांगडी कधी आत गेली ते तिला कळत नाही.

लग्नसराईत अम्मींना लांबलांबच्या घरी बोलावणी येतात. कर्वेनगर, वारजे, कुठं कुठं. न्यायची फरहतनं, आणायची फरहतनं, दोन शिकवण्यांच्या मधे. "अम्मी, चल लवकर. अम्मी, पाय नीट ठेव. अम्मी, पेटी घट्ट धर." बोळातून त्या दोघी निघाल्या की वळणापर्यंत आवाज ऐकू यायचा. फरहतनं त्यांना कितीदा तरी म्हटलं होतं, तूच शीक ना. अम्मी हसून म्हणायच्या, "माझ्या वयाला शोभतं का?"

मग उत्कर्षा आली. म्हणजे ती आधी फरहतकडे शिकायला आली होती. अकोल्याची मुलगी, कर्वेनगरला कॉलेजात शिकली आणि तिथंच भाड्यानं राहिली. पहिल्याच दिवशी ती गाडीसकट आडवी झाली आणि फरहत तिला म्हणाली, "झोपायचंच होतं तर घरी गादी होती." ती मुलगी पडल्या पडल्या हसली होती. हे फरहतच्या लक्षात राहिलं, कारण तिच्याकडे पडल्यावर कोणी हसत नसे.

दोनेक वर्षांनी त्याच उत्कर्षानं कर्वेनगरात स्वतःचा क्लास काढला. नाव ठेवलं 'सावकाश'. ती मागे बसत नाही. आधी दोन दिवस गाडी बंद ठेवून, हलक्या उतारावर, नुसते पाय उचलून तोल धरायला लावते. मग बाईच्या हेल्मेटमध्ये छोटा स्पीकर आणि माइक बसवते, स्वतः कानाला तसलंच यंत्र लावते आणि मैदानाच्या कडेला उभी राहून बोलते. शिकणाऱ्या बाईच्या मागे कोणी नाही, अंगावर हात नाही, फक्त कानात आवाज.

फरहतला हे पहिल्यांदा एका शिकायला येणाऱ्या बाईकडून कळलं. ती बाई येते म्हणाली होती आणि आली नाही. फोन केल्यावर म्हणाली, "अहो, मी तिकडे 'सावकाश'ला नाव घातलं. तिथं म्हणे ओरडत नाहीत."

"ओरडत नाहीत," हे शब्द फरहतला लागले. लागले म्हणजे इतके, की मला ते सांगताना तिनं त्या बाईच्या आवाजाची नक्कलही केली. त्यानंतर तिला एक नाद लागला. उत्कर्षा आपल्या क्लासचे छोटे व्हिडिओ टाकायची, आणि फरहत ते सगळे बघायची. स्वयंपाकघरात, आवाज बारीक करून, शेवटपर्यंत. प्रत्येक व्हिडिओत तिला चुका सापडायच्या. "बघ, वळताना आरसा बघितला नाही हिनं. आणि ही बघ, चार बोटं ब्रेकवर! दोन ठेवायची असतात." चुका सापडल्या की बरं वाटायचं. पण व्हिडिओच्या शेवटी ती बाई हेल्मेट काढायची आणि हसत असायची. एक उत्कर्षा सोडली, तर आपल्या कुठल्याच बाईला तिनं शिकताना हसलेलं पाहिलं नव्हतं. मीही कधी हसले नव्हते.

सगळ्यात वाईट म्हणजे उत्कर्षा प्रत्येक ठिकाणी सांगायची की मी फरहतताईंकडे शिकले, त्या माझ्या गुरू. "तिनं नाव घेतलं नसतं तर भांडता तरी आलं असतं," फरहत मला म्हणाली. "ती नाव घेते आणि माझ्या बायका नेते."

एकदा तिच्या हातून एक प्रकार झाला. एजाज अंघोळीला गेला होता, त्याचा फोन ओट्यावर होता. फरहतनं तो उचलला, नेटवर 'सावकाश' शोधलं आणि एक तारा देऊन खाली लिहिलं: 'पडलो. गुडघा फुटला. शिकवणारी मागे बसत नाही. काळजी घ्या.' मग फोन होता तसा ठेवून भाकरी थापायला लागली.

चार दिवसांनी जेवताना एजाज फोन बघत थांबला. "फरहत," तो म्हणाला, "मी कुठं पडलो होतो का?"

"कुठं?"

"इथं लिहिलंय. मी पडलो, माझा गुडघा फुटला. आणि त्या मुलीनं खाली लिहिलंय, 'एजाजदादा, आम्ही फक्त महिलांना शिकवतो, तरी तुमच्या गुडघ्याची फार काळजी वाटते. केव्हाही या, तुम्हाला मी स्वतः शिकवीन.'" त्यानं फोन खाली ठेवला आणि आपला गुडघा जरा चाचपून बघितला. "बरा आहे," तो म्हणाला, आणि पुन्हा जेवायला लागला.

फरहतनं मान खाली घालून डाळ ओतून घेतली. अम्मी समोरच बसल्या होत्या. त्यांचं जेवण अर्धवट राहिलं. का, ते फरहतला त्या दिवशी समजलं नाही. तिला वाटलं, अम्मीला माझी लाज वाटली.

एजाजनं ते लिहिलेलं काढून टाकलं. फरहतच्या डोक्यातून मात्र ते निघेना. आपण खोटं लिहिलं याचं वाईट वाटण्याऐवजी तिला वाटायला लागलं, की खरं काहीतरी सापडलं पाहिजे. मागे न बसता शिकवते म्हणजे कोणीतरी पडत असणार, ते आपल्या डोळ्यांनी बघायचं आणि मग उघड सांगायचं. म्हणून एका सकाळी, कर्वेनगरची आपली शिकवणी संपवून, ती त्या मैदानाकडे वळली. गाडी लांब लावली, चेहऱ्यावर स्कार्फ बांधलेला होताच, आणि एका बंद टपरीच्या आडोशाला उभी राहिली.

मैदानात एकच स्कूटर फिरत होती. चालवणारी बाई वयस्कर असावी, सलवार-कमीज घातलेली, ओढणी कमरेला नीट खोचलेली, चाकात जाणार नाही अशी. उत्कर्षा पलीकडच्या भिंतीपाशी सावलीत उभी होती, हातात पाण्याची बाटली. तिचे ओठ हलत होते. आणि स्कूटरवरच्या बाई हसत होत्या; हेल्मेटच्या काचेआड चेहरा दिसत नव्हता, पण खांदे हलत होते. मैदानाच्या मधोमध, आसपास कोणी नसताना, त्या मान हलवत होत्या, काहीतरी बोलत होत्या आणि हसत होत्या.

फरहतनं तिच्या नेहमीच्या सवयीनं आधी गाडी बघितली. पाठ ताठ. कोपर सैल. वळणाआधी वेग कमी केला, वळणात ब्रेक नाही, बाहेर पडताना हलकेच अ‍ॅक्सिलेटर. थांबताना दोन्ही ब्रेक, शेवटी डावा पाय खाली. "मला वाटलं, ही बाई चालवणार," ती म्हणाली. "दुसरीची असली तरी चांगली ती चांगली. तेवढं मला कळतं."

मग बाईंनी गाडी बंद केली आणि हेल्मेट काढलं. त्या अम्मी होत्या.

फरहत टपरीच्या पत्र्याला धरून उभी राहिली. अम्मींनी उत्कर्षाच्या गालावरून हात फिरवला, मग बाटली घेऊन पाणी प्यायल्या. उत्कर्षानं त्यांच्या कानाजवळचे दबलेले केस सारखे केले. त्या दोघी काहीतरी बोलून पुन्हा हसल्या. अम्मी त्या दिवशी हडपसरला मामाकडे जाते असं सांगून निघाल्या होत्या, एजाजसोबत. म्हणजे एजाजलाही ठाऊक होतं. म्हणजे गुडघ्याच्या त्या दिवशी जेवताना तिघांपैकी दोघांना सगळं ठाऊक होतं.

"मला कोणाचा जास्त राग आला ते सांगू का?" फरहतनं मला विचारलं. "अम्मीचा नाही. उत्कर्षाचाही नाही. त्या कानातल्या यंत्राचा. अम्मी माझ्याशी बोलताना अशी कधी हसली नाही. आणि ती पोरगी इतक्या लांबून तिच्या कानात काय बोलत होती, ते मला ऐकू येत नव्हतं."

ती घरी आली. अम्मी दुपारी परतल्या. "मामा बरा आहे?" फरहतनं विचारलं.

"बरा आहे," अम्मी म्हणाल्या.

पुढचे काही आठवडे फरहत वाट बघत होती, की अम्मी आपणहून सांगेल. अम्मी सांगत नव्हत्या. फरहतला घरात आता सगळं दिसायला लागलं. अम्मींच्या तळहाताला मुठीच्या रबराचा काळा डाग. अम्मी भांडी विसळताना गुणगुणतात. अम्मी तिच्या मागे गाडीवर बसल्या की सिग्नलला हळूच वाकून आरशात बघतात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जी तिला उठताबसता टोचत राहिली: वयाला शोभत नाही असं अम्मी म्हणत होती ते खोटं होतं. अडचण वयाची नव्हती. शिकवणारीची होती.

उन्हाळा संपत आला तेव्हाची गोष्ट. अम्मी घरी नव्हत्या, फरहत दुकानात बसली होती. उत्कर्षा बोळातून चालत आली, पायरीपाशी थांबली, चप्पल काढू की नको अशी.

"ताई, येऊ का?"

"बांगड्या हव्यात?"

"नाही. मावशींबद्दल बोलायचं होतं." तिनं एक मोठा श्वास घेतला. "तुम्हाला सांगू नको म्हणाल्या होत्या त्या. पण मला राहवून नाही राहिलं. मावशी माझ्याकडे शिकतात. आज त्यांची लायसन्सची परीक्षा होती आणि त्या नापास झाल्या. आठ काढताना दोनदा पाय टेकला. बाहेर बाकावर बसून रडल्या, ताई."

आठ म्हणजे परीक्षेतला तो इंग्रजी आठ. जमिनीवर आखलेल्या दोन वर्तुळांतून पाय खाली न टेकवता गाडी फिरवायची. वेग कमी, वळण अरुंद. भल्याभल्यांची गाडी तिथं डुलते.

फरहतला पहिल्यांदा आनंद झाला. हे तिनं मला सांगितलं तेव्हा ती बांगड्यांची पेटी पुसत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. "आई रडली हे ऐकलं आणि आतून बरं वाटलं. दोन-चार क्षण तरी. इतकी जळत होते मी."

"मग माझ्याकडे कशाला आलीस?" तिनं उत्कर्षाला विचारलं.

"माझ्याकडून आठ शिकवणं होतच नाही. माझ्या तिघी नापास झाल्या आतापर्यंत. तुमची एक तरी झाली का? मला झोप नाही लागत ताई त्यापायी. तुम्ही शिकवा न मावशींना."

फरहतनं काचेवरची नसलेली धूळ पुसली. "शिकवीन," ती म्हणाली. "पण तू तिथं यायचं नाही."

संध्याकाळी अम्मी दुकानात आल्या. फरहतनं सरळ सांगितलं की तिला सगळं माहीत आहे, मैदानावर तिनं पाहिलंय.

"कधी?"

"बरेच दिवस झाले."

"मग बोलली का नाहीस?"

"तू का नाही बोललीस?"

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, आणि अम्मींनी तिचा हात हातात घेऊन सासर कुठलं ते विचारायला सुरुवात केली. बोलणं तिथंच राहिलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तयार होऊन, ओढणी खोचून, हेल्मेट घेऊन दारात उभ्या होत्या.

नदीकाठच्या एका मोकळ्या जागेत फरहतनं पांढऱ्या फक्कीनं आठ आखला. अम्मी पुढे बसल्या, फरहत मागे. तिचे हात नेहमीसारखे पुढे आले आणि अम्मींच्या हातांवर बसले. गाडी पहिल्या वर्तुळात शिरली.

"मान वर! खाली बघू नकोस! खाली बघतेस म्हणून जातेस खाली! अ‍ॅक्सिलेटर सोडू नको! सोडलास! डुलली बघ! डावा, डावा ब्रेक!"

गाडी रेषेबाहेर गेली. पुन्हा सुरुवात. पुन्हा बाहेर. तिसऱ्या वेळी अम्मींनी गाडी मधेच थांबवली. दोन्ही ब्रेक, डावा पाय खाली, बटण बंद, साइड स्टँड, किल्ली. सगळं बरोबर क्रमानं, आणि त्या रागातही फरहतच्या लक्षात आलं की हा क्रम दुसऱ्या कोणीतरी शिकवलाय. अम्मींनी किल्ली तिच्या हातात ठेवली.

"मला नाही शिकायचं तुझ्याकडे."

"का? मी ओरडते म्हणून?"

"ओरडतेस ते जाऊ दे. तू मागे बसलीस की मला वाटतं, मी पडणारच आहे. तू आधीच ठरवून बसलेली असतेस. तुझे हात थंडगार पडलेले असतात, माहीत आहे तुला? ती पोरगी लांब उभी राहते. तिला वाटतं, मला येईल."

"तिचं हाड मोडलेलं नाही म्हणून ती लांब उभी राहते."

"तुझं मोडलं तेव्हा घास मी भरवत होते तुला," अम्मी म्हणाल्या. "मला सांगू नकोस."

दोघी परत आल्या. नंतरचे दोन दिवस ती कोणावरच ओरडली नाही. शिकणाऱ्या बायकांना वाटलं, हिला बरं नाही. माझ्याकडे येऊन ती बसली, चहा थंड होऊ दिला आणि म्हणाली, "मॅडम, माझे हात थंड असतात का हो?" मी म्हटलं, असतात. मी शिकत होते तेव्हाही असायचे. तिला ते कोणी कधी सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ती कर्वेनगरला गेली. उत्कर्षाच्या मैदानात, या वेळी टपरीआड न थांबता, सरळ आत. तीन बायका गाड्यांपाशी उभ्या होत्या. त्यांच्यासमोर विचारणं तिला जड गेलं, तरी तिनं विचारलं.

"तुझं ते कानाचं यंत्र देतेस का? दोन दिवस."

उत्कर्षानं लगेच कानातून काढून दिलं, आणि हेल्मेटमध्ये बसवायचा स्पीकर-माइकही. "ताई, फक्त आवाज बारीक ठेवा. ओरडलं की कानात शिट्टी वाजते."

"ठाऊक आहे," फरहत म्हणाली. ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नदीकाठी अम्मी एकट्या गाडीवर बसल्या. फरहत बऱ्याच अंतरावर उभी राहिली. हात कुठं ठेवायचे कळेना, म्हणून पाठीमागे एकमेकांत अडकवले. यंत्र चालू केलं, आणि तिच्या कानात अम्मींचा श्वास आला. जोरजोरात चाललेला. मधेच पुटपुटलेलं बिस्मिल्ला. इतकी वर्षं ती बायकांच्या मागे चिकटून बसली होती, पण हेल्मेटमधला श्वास तिला कधी ऐकू आला नव्हता.

"अम्मी," ती हळू म्हणाली.

"हं."

"चाकाकडे बघू नकोस. जिथं जायचंय तिथं बघ, वळणाच्या पार. गाडी नजरेमागून येते." ती थांबली. ओरडायचं नाही म्हटल्यावर पुढचं वाक्य शोधावं लागत होतं. "अ‍ॅक्सिलेटर थोडा दे आणि तेवढाच धरून ठेव. वाढवू नको, सोडूही नको. वेग जास्त वाटला तर डावा ब्रेक नुसता टेकव. उजव्या हाताला काही करू देऊ नको. खांदे सोड. अजून सोड."

गाडी पहिल्या वर्तुळात गेली. मधल्या फाट्याशी ती डुलली, आणि फरहतचं तोंड उघडलं. तिनं ते हातानं दाबलं. कानात अम्मींचा श्वास अडकला, मग सुटला. गाडी सावरली आणि दुसऱ्या वर्तुळात शिरली. फक्कीची रेघ चाकाच्या बाजूनं सरकत राहिली. आठ पूर्ण झाला.

"झाला?" अम्मींनी विचारलं.

"झाला. आता पुन्हा काढ. आणि या वेळी..."

"या वेळी तू गप्प बस," अम्मी म्हणाल्या.

फरहत गप्प बसली. अम्मींनी आठ काढला. मग परत काढला. श्वास संथ होत गेला, आणि मग कानात एक गुणगुणणं सुरू झालं, तेच भांडी विसळतानाचं. फरहत मला म्हणाली, की ते ऐकत ती तिथं उभी होती आणि तिला वाटत होतं, हे त्या पोरीनं किती दिवस आधी ऐकलं असेल.

पुढच्या परीक्षेच्या दिवशी फरहत सोबत गेली. अम्मी पास झाल्या, पाय न टेकवता. ट्रॅकवरून बाहेर आल्या, हेल्मेट काढलं, फरहतच्या शेजारीच उभ्या राहिल्या आणि पर्समधून फोन काढून उत्कर्षाला लावला. "झालं गं पोरी! आठ निघाला! हो, हो, एकदासुद्धा नाही!"

"मी बाजूलाच उभी होते," फरहत म्हणाली. "बाजूला उभ्या असलेल्या माणसाला कोण फोन करतं? कळतं मला ते. तरी लागलं."

उत्कर्षा आणि ती काही मैत्रिणी झाल्या नाहीत. एकत्र क्लास काढा असं एजाज एकदा म्हणाला, तेव्हा तिनं त्याला गुडघा कसा आहे विचारलं. पण उत्कर्षाच्या बायका परीक्षेआधी आठ शिकायला आता फरहतकडे येतात, आणि फार भित्री बाई आली तर फरहत तोंड वाकडं करून म्हणते, "तुम्ही आधी कर्वेनगरला जा. तिथं एक आहे, तिला धीर आहे." मागे बसणं तिनं पुरतं सोडलेलं नाही. चालवायचे पहिले दोन दिवस आणि रस्त्यावर नेताना बसते, एरवी उतरते. स्वतःसाठी तसलं यंत्रही घेतलंय. उत्कर्षाचे व्हिडिओ अजून बघते, अजून चुका काढते. मी विचारलं, अजून जळतेस का गं? तर म्हणाली, "जळते की. आता फक्त कशावर जळते ते नीट माहीत आहे."

परवा ती एका नव्या बाईंना घेऊन रस्त्यावर होती. बाई पुढे, ती मागे. सिग्नलला थांबल्या, तर शेजारच्या स्कूटरवर अम्मी. एकट्या, कर्वेनगरला कुठल्याशा लग्नघरी निघालेल्या, बांगड्यांची पेटी डिकीत. पांढऱ्या पट्ट्याच्या मागे गाडी, दोन बोटं ब्रेकवर, नजर समोर.

"अम्मी!" फरहतनं हाक मारली.

अम्मींनी मान वळवली नाही. ऐकू आलं नसेल असं नाही. सिग्नल सुटायला थोडेच आकडे उरले होते आणि त्या आरसा बघत होत्या. हिरवा पडला तशा त्या निघाल्या, रिक्षेला जागा दिली, इंडिकेटर देऊन डावीकडे वळल्या आणि दिसेनाशा झाल्या.

"तुमच्या आई?" पुढच्या बाईंनी विचारलं. "कसल्या मस्त चालवतात! तुम्हीच शिकवलंत?"

मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले होते. फरहतनं त्या वळणाकडे बघितलं.

"आठ मी शिकवला," ती म्हणाली. "निघा आता. हळू द्या."